घरी ब्रेड करायला सुरुवात करतेय: पहिला साधा लोफ कसा करावा?

केतकी_प

नमस्कार मंडळी. ओव्हन घरात आहे, केक-बिस्किटं बऱ्यापैकी जमतात. यीस्टच्या वाटेला मात्र आजवर गेलेले नाही. आता जायचं ठरवलंय आणि वाचून वाचून गोंधळ वाढलाय. एक जण म्हणतो यीस्ट आधी कोमट पाण्यात फुलवा, दुसरा म्हणतो थेट पिठात टाका. कुणी दहा मिनिटं मळायला सांगतं, कुणी अजिबात मळू नका म्हणतं. 'दुप्पट होईपर्यंत ठेवा' हे मात्र सगळीकडे आहे. दुप्पट झालं हे गोल भांड्यात ओळखायचं कसं?

१. पहिल्यांदा कोणता ब्रेड करावा?
२. यीस्ट कोणतं घ्यावं?
३. मळायचं मशीन लागतंच का?
४. थेट गव्हाच्या पिठाचा केला तर चालेल?

सावरडो (घरीच आंबवलेल्या विरजणाचा ब्रेड) वगैरे इतक्यात नको. आधी साधं जमू दे.

---

निवांत_भट्टी

धागा काढलात ते बरं झालं. आधी तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो: वजनकाटा घ्या. बाकी काहीही नंतर घेतलं तरी चालेल. पीठ सैल भरलं तर एका कपात १२० ग्रॅम बसतं, दाबून भरलं तर त्याच कपात १५० ग्रॅम. पाणी तेवढंच ठेवलंत तर एकदा पीठ हाताला चिकटेल आणि पुढच्या वेळी दगडासारखं होईल, आणि तुम्ही बिचाऱ्या यीस्टला दोष देत बसाल.

पहिला ब्रेड अगदी साधा, टिनमधला करा. दूध, लोणी, अंडं काही नको.

मैदा ५०० ग्रॅम
पाणी ३२५ ग्रॅम
मीठ १० ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम

बेकर लोक हे टक्क्यांत लिहितात. पीठ नेहमी १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. म्हणजे इथे पाणी ६५, मीठ २, यीस्ट ०.८ टक्के. एकदा ही सवय लागली की कुठलीही पाककृती वाचताक्षणी कळतं, पीठ घट्ट होणार की सैल. मीठ ४ टक्के दिसलं तर लिहिणाऱ्याचा हात घसरलाय हेही कळतं.

कृती: कोरडे जिन्नस एकत्र करा, पाणी ओता, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालवा. झाकून अर्धा तास विसरून जा. मग आठ-दहा मिनिटं मळा. झाकून फुगू द्या. खोलीत २५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असेल तर तासाभरात, फार तर दीड तासात होतं. हवा हलकेच काढा, लांबट गुंडाळी करा, जोड खाली येईल अशी तेल लावलेल्या टिनमध्ये ठेवा. साधारण २३ बाय १३ सेंटीमीटरचा टिन या मापाला पुरतो. पीठ टिनच्या काठाच्या बोटभर वर आलं की २२० अंशांवर ३०-३५ मिनिटं. ओव्हन आधी नीट तापलेला हवा. दिवा विझल्यावरही आणखी १५ मिनिटं द्या, कारण दिवा हवेचं तापमान सांगतो, भिंतींचं नाही.

दुप्पट ओळखायला उभट, सरळ बाजूंचं पारदर्शक भांडं घ्या आणि पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा. गोल वाडग्यात अंदाज हमखास चुकतो.

आणि हाच ब्रेड निदान पाच-सहा वेळा करा. दर वेळी एकच गोष्ट बदला. दर आठवड्याला नवी पाककृती करणाऱ्यांना वर्षभरानेही कळत नाही की ब्रेड बिघडला कशाने.

---

मीठ_बेतानं

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

यीस्टबद्दल: बाजारात तीन प्रकार दिसतात. इन्स्टंटचे दाणे बारीक असतात, ते थेट पिठात. ऍक्टिव्ह ड्रायचे दाणे जाड. ते आधी ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे. ताजं यीस्ट वडीसारखं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. अदलाबदल करायची तर ताजं १० ग्रॅम = ऍक्टिव्ह ड्राय ४ = इन्स्टंट ३. 'फुलवा' आणि 'थेट टाका' हा तुमचा गोंधळ इथूनच आलाय: दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या डब्यांबद्दल बोलतायत.

तुम्ही इन्स्टंट घ्या. पाकीट फोडल्यावर हवाबंद डब्यात फ्रीजरला टाका, महिनोन्‌महिने टिकतं. जुनं असेल आणि शंका आली तर चमचाभर यीस्ट, चिमूटभर साखर, कोमट पाणी. दहा मिनिटांत फेस आला नाही तर फेकून द्या.

घरचा काटा ४ ग्रॅम नीट दाखवत नसेल तर छोट्या चमच्याने सपाट सव्वा चमचा घ्या.

---

गव्हाळ

मीठ आणि यीस्ट एकमेकांना लागू द्यायचे नाहीत ना? मिठाने यीस्ट मरतं. मी तर भांड्याच्या दोन टोकांना टाकते.

---

मीठ_बेतानं

टोकांना टाका की एकत्र टाका, मिनिटाभरात सगळं कालवलंच जातं की! ओल्या यीस्टवर मिठाचा ढीग बराच वेळ पडून राहिला तर फरक पडेल. कोरड्या पिठात मिसळून लगेच पाणी ओतलं तर काहीही होत नाही. यीस्टला खरा धोका उष्णतेचा. ५५-६० अंशांना ते मरतं. 'कोमट' म्हणून वाफाळतं पाणी ओतणारे मिठापेक्षा जास्त घातक.

मीठ यीस्टची गती कमी करतं हे खरं, पण ते हवंच असतं. मीठ विसरलात तर पीठ धावत सुटतं, ढिलं पडतं, चिकट होतं आणि ब्रेड बेचव लागतो. २ टक्क्यांच्या फार खाली जाऊ नका.

---

अर्धवट_शास्त्रज्ञ

मळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण 'मळा' आणि 'मळू नका' यातला विरोध वरवरचा आहे.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं जाळं तयार होतं. पहिल्याने पिठाला जोर मिळतो, दुसऱ्याने न फाटता ताणलं जाण्याची क्षमता. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड या जाळ्यात अडकतो. मळण्याने जाळं लवकर बनतं, पण वेळ दिला तर बरचसं आपोआपही बनतं. निवांत_भट्टी यांनी सांगितलेला अर्धा तास त्यासाठीच आहे. फ्रेंच ब्रेडतज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी १९७४ साली हा विसावा पद्धत म्हणून मांडला, त्याला ऑटोलीज म्हणतात. त्यांच्या पद्धतीत त्या वेळी फक्त पीठ आणि पाणी असतं, मीठ आणि यीस्ट नंतर. घरी इन्स्टंट यीस्ट आधीच घातलं तरी काही बिघडत नाही.

याचंच टोक म्हणजे न मळता केलेला ब्रेड. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची ती कृती २००६ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात आली आणि जगभर पसरली. पाणी जास्त, यीस्ट चिमूटभर, १२ ते १८ तास नुसतं ठेवायचं. म्हणजे हातांचं काम घड्याळाकडे दिलं. श्रम किंवा वेळ, दोन्हींपैकी एक द्यावंच लागतं.

पुरेसं मळलं का हे पाहायला लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. आरपार उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला तर झालं. लगेच फाटला तर पाच मिनिटं विसावा, मग पुन्हा मळा. सलग मळत राहण्यापेक्षा हे सोपं.

---

खुसखुशीत

मशीनची गरज शून्य. निदान सुरुवातीला तरी हातानेच मळावं. पीठ केव्हा बदलतं ते बोटांना कळतं, मशीनला नाही.

एक मात्र सांगते. पहिल्या तीन-चार मिनिटांत पीठ जाम चिकटतं आणि हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. तिथे थांबायचं! मूठभर जादा पीठ म्हणजे ६५ चे ६० टक्के झाले. हात ओला करा किंवा किंचित तेल लावा, सपाट पातं घेऊन ओट्यावरचं खरवडा. चिकटपणा मळता मळताच जातो.

---

गव्हाळ

मशीनला नावं ठेवू नका बाई, मनगटं दुखणाऱ्यांनी काय करायचं? मी मशीनवर कमी गतीला सहा-सात मिनिटं फिरवते, पडदा नीट येतो.

---

खुसखुशीत

नावं नाही हो ठेवत. मनगट दुखत असेल तर मशीन किंवा न मळण्याची पद्धत, दोन्ही उत्तम. माझा मुद्दा एवढाच की मशीन नाही म्हणून कुणी थांबू नये.

---

अर्धवट_शास्त्रज्ञ

'तासाभरात फुगतं' याबद्दल एक पुरवणी. यात सगळा खेळ तापमानाचा आहे. तापमान ८-१० अंशांनी वाढलं की यीस्टची गती साधारण दुप्पट होते. त्यामुळे तीच कृती कडक उन्हाळ्यात ४० मिनिटांत होते आणि थंडीत अडीच तास घेते. पाककृतीतली वेळ ही लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघराची वेळ आहे, तुमच्या नाही.

हे पाण्याने सांभाळता येतं. मळून झाल्यावर पीठ २५ अंशांना हवं असेल तर २५ गुणिले ३ म्हणजे ७५. त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करा. दोन्ही ३० असतील तर पाणी १५ अंशांचं, म्हणजे चक्क गार. दोन्ही १८ असतील तर ३९, म्हणजे कोमट. मशीनवर मळताना घर्षणाने पीठ तापतं, तेव्हा पाणी आणखी थोडं गार घ्या. 'कोमट पाणी घ्या' हा सल्ला बारा महिने पाळणाऱ्यांचा ब्रेड उन्हाळ्यात आंबूस आणि ढेपाळलेला का होतो, ते यावरून कळेल.

---

केतकी_प

बाप रे, केवढी माहिती! वाखु (वाचनखूण) साठवली आहे. काटा आणलाय, ठरल्याप्रमाणे साधा लोफ केला. खाण्यालायक झाला, चव छान! पण तीन गोष्टी खटकल्या:

एका बाजूने टिनच्या काठालगत लांब फाटला.
वरून फिकाच राहिला.
खालच्या बाजूला आतून दाट, थोडा ओलसर पट्टा आला.

पहिल्यांदा दीड तासात दुप्पट झालं, रबरबँडने मोजलं. टिनमध्ये कृतीत लिहिल्याप्रमाणे पाऊण तास ठेवलं. बाहेर काढल्यावर वीसेक मिनिटांनी कापला, घरचे थांबायला तयार नव्हते.

---

निवांत_भट्टी

पहिल्या लोफला हे फार चांगलं आहे. बाजूला फाटणं आणि खाली दाट पट्टा, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात: टिनमधलं दुसरं फुगणं अपुरं राहिलं. ओव्हनमध्ये गेल्यावर यीस्ट शेवटची उसळी मारतं. वरची साल घट्ट झालेली आणि आत जोर शिल्लक, मग जिथे कमजोर जागा सापडेल तिथे फाटतं. मी वर पाऊण तास लिहिलेलं नाही, काठाच्या बोटभर वर असं लिहिलंय. :)

---

केतकी_प

खरंच की! पाऊण तास दुसऱ्या ठिकाणी वाचलेला. काठाच्या जेमतेम बरोबरीला होतं.

---

खुसखुशीत

बोटाची चाचणी करा. पीठ लावलेलं बोट सेंटीमीटरभर दाबायचं. खड्डा झटकन भरला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला. अजिबात भरला नाही तर उशीर झाला.

हे दुसऱ्या फुगण्याचं. पहिल्या फुगण्यात खड्डा तसाच राहिला तरी बिघडत नाही, कारण पुढे पुन्हा आकार द्यायचाच असतो. या दोन्हींची सरमिसळ करून लोक घाबरतात. आणि टिनमध्ये उशीर झालाच तर पीठ बाहेर काढा, हवा काढा, परत गुंडाळून ठेवा. एकदा तेवढं सहन करतं.

---

ओव्हन_दक्षिणमुखी

फिकेपणावर मी बोलतो. बहुतेक घरगुती ओव्हन तबकडीवर लिहिलेल्या आकड्याशी प्रामाणिक नसतात. आत ठेवायचा स्वस्तातला तापमापक घेऊन एकदा पाहा. २२० लावल्यावर आत १९० भरणारे ओव्हन सर्रास असतात. तेवढं झालं की टिन मधल्या नाही, खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. म्हणजे तळही भाजला जाईल आणि वर फुगायला जागा राहील.

झाला की नाही ते रंगावरून ठरवू नका. टोचायचा तापमापक असेल तर आत ९३ ते ९८ अंश. दूध-लोणी-अंड्याच्या मऊ ब्रेडला ८८-९० पुरे. तापमापक नसेल तर टिनमधून काढून तळावर टकटक करा, पोकळ आवाज हवा. शंका असल्यास टिनविना तसाच जाळीवर आणखी पाच मिनिटं भाजा, बाजूही खरपूस होतात.

नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये ब्रेड होत नाही. कन्व्हेक्शनवाला असेल तर होतो, फक्त तापायला जास्त वेळ द्या.

---

गव्हाळ

वाफेचं कुणी बोललंच नाही अजून. ओव्हनमध्ये पाण्याचा ट्रे ठेवतात ना?

---

ओव्हन_दक्षिणमुखी

टिनमधल्या साध्या ब्रेडला गरज नाही. गोल, मोकळ्या भाजायच्या ब्रेडला हवी. पहिली १५-२० मिनिटं वाफ असली की साल लवकर कडक होत नाही, ब्रेड पूर्ण फुगतो आणि वरचा स्टार्च ओला राहून नंतर चकाकतो. सोपा मार्ग म्हणजे जड बुडाचं झाकणाचं भांडं. २३० अंशांवर अर्धा तास रिकामं तापवायचं, ब्रेड आत सोडायचा, २० मिनिटं झाकण, मग झाकण काढून २० मिनिटं. ब्रेडची स्वतःची वाफच पुरते. झाकणाची मूठ प्लास्टिकची असेल तर ती किती तापमान सोसते ते आधी बघा.

ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतायचं तर ट्रे धातूचा हवा. तापलेल्या काचेच्या भांड्यात पाणी ओतू नका, तडकतं. ओव्हनच्या दाराच्या काचेवरही थेंब उडू देऊ नका.

---

अर्धवट_शास्त्रज्ञ

ओलसर पट्ट्यात घाईने कापण्याचाही वाटा आहे. भाजताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ जेल होतो. ब्रेड गार होईपर्यंत तो घट्ट होत असतो, वाफही बाहेर पडत असते. गरम कापलात तर सुरीला लगदा लागतो आणि उरलेला ब्रेड लवकर कोरडा पडतो. एवढ्या लोफला निदान तासभर जाळीवर. घरच्यांची समजूत घालणं हा वेगळा धागा होईल.

ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका हेही इथेच सांगतो. फ्रीजच्या तापमानाला स्टार्च पुन्हा स्फटिकासारखी रचना घेतो आणि ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा, कडक होतो. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर कापडात. नाहीतर काप करून फ्रीजरमध्ये, लागेल तसा थेट टोस्टरमध्ये. दमट, उकाड्याच्या दिवसांत बाहेर ठेवलेल्या ब्रेडवर लक्ष असू द्या. आत तार सुटल्यासारखं दिसलं, जास्त पिकलेल्या फळासारखा वास आला तर बुरशी दिसत नसली तरी टाकून द्या.

---

पाव_शेर

मूक वाचक होतो, आता विचारतो. माझ्या पाकिटावर नुसतं 'मैदा' लिहिलंय. ब्रेडचं पीठ वेगळं असतं म्हणे?

---

मीठ_बेतानं

पाकिटाच्या मागे १०० ग्रॅमला प्रथिनं किती ते वाचा. ११ ते १३ असतील तर ब्रेडला उत्तम. ९-१० असतील तरी टिनमधला ब्रेड होतो, पाणी ६० टक्क्यांपासून सुरू करा आणि फार उंचीची अपेक्षा ठेवू नका. वेगळं मिळणारं सुकं ग्लुटेन घालायचं तर मैद्याचा एक-दोन टक्के भागच त्याने बदला. जास्त घातलं तर ब्रेड रबरासारखा चिवट लागतो.

अवांतर: कच्चं पीठ चाखायची सवय असेल तर सोडा. पीठ भाजलेलं नसतं, त्यात अपायकारक जंतू असू शकतात.

---

केतकी_प

दुसरा लोफ! या वेळी घड्याळाकडे पाहिलंच नाही, बोटाची चाचणी केली. टिनमध्ये सव्वा तास लागला. फाटला नाही, पट्टा नाही. ओव्हनमध्ये तापमापक ठेवला तर खरोखरच २० अंश कमी निघाले, म्हणून २४० लावला आणि रंग मस्त आला.

आता माझा चौथा प्रश्न राहिलाय. गव्हाचं पीठ?

---

निवांत_भट्टी

अभिनंदन! थेट शंभर टक्के करू नका, निराश व्हाल. गव्हाच्या पूर्ण पिठात कोंडा असतो. तो ग्लुटेनच्या जाळ्यात अडथळा आणतो आणि पाणीही जास्त पितो, तेही सावकाश. म्हणून मैद्याइतकंच पाणी घातलं तर आधी ठीक वाटतं आणि तासाभराने पीठ घट्ट झालेलं असतं. ३० टक्क्यांपासून सुरुवात करा: ३५० मैदा, १५० गव्हाचं. पाणी ६८ टक्के. मिसळल्यावरचा विसावा पाऊण तासाचा करा. तेवढं जमलं की ५०, मग ७०. शंभर टक्क्यांचा ब्रेड बसका असणारच, तो त्याचा स्वभाव आहे.

---

खुसखुशीत

मऊपणा हवा असेल तर एकूण पिठातलं २५ ग्रॅम पीठ पाचपट पाण्यात, म्हणजे १२५ ग्रॅममध्ये, मंद आचेवर ढवळत शिजवा. साधारण ६५ अंशांना खिरीसारखं दाटतं. गार करून बाकीच्या पिठात घाला आणि हे पाणी एकूण पाण्यातून वजा धरा. याला तांगझोंग म्हणतात. गव्हाच्या ब्रेडचा भुसभुशीतपणा बराच कमी होतो, दोन दिवस मऊ राहतो.

---

निवांत_भट्टी

अनुमोदन, पण पुढच्या खेपेला नको. एका वेळी एकच बदल!

---

केतकी_प

मान्य, तांगझोंग त्याच्या पुढच्या वेळी. रविवारी ३५० + १५०, पाणी ३४०, मीठ आणि यीस्ट तेवढंच. बरोबर ना?

---

निवांत_भट्टी

बरोबर. फक्त पहिल्यांदा ३२५ च ओता आणि १५ ग्रॅम बाजूला ठेवा. विसाव्यानंतर पीठ ताठ लागलं तर मळताना तळहाताला लावून लावून ते मुरवा. आणि गव्हाचं पीठ मैद्यापेक्षा लवकर आंबतं, तेव्हा रबरबँडवर नजर जरा आधीपासून ठेवा.